ताईंना विचारा : लाल रंगाला वेळ लागतो

या महिन्यात गंमतच झाली. तीन पत्रं आली आणि तिन्हींत अरोरा. म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या आभाळात ते हिरवे पडदे हलतात ना, ज्याला आम्ही वर्गात ध्रुवीय प्रकाश म्हणायचो, चार मार्कांची टीप, तेवढं पाठ केलं की झालं. तेव्हा कोणी तो बघायला जात नव्हतं. आता रील्समुळे इंदूरच्या घराघरात पोचलाय आणि त्याला एक नवीन शब्द चिकटलाय, हीलिंग. तर सासू, प्रॉपर्टी आणि मुलांचं मोबाइलचं वेड हे सगळं पुढच्या अंकात, या वेळी आभाळ. (मी डॉक्टर नाही हे दर वेळी सांगते, परत सांगते. इंदूरच्या शाळेत ३१ वर्षं फिजिक्स शिकवलं, लोक आपलं मन मोकळं करायला का येतात मला अजून कळलेलं नाही, पण येतात.)

प्रश्न : ताई, नमस्कार. मी रामबागेत राहते, वय ६१. आमचे हे वीज मंडळातून रिटायर झाले आणि ऑक्टोबर २०२४ मधे, दिवाळीच्या आठ दिवस आधी, झोपेतच गेले. आजारपण नाही, काही नाही. रात्री ताक पिऊन झोपले, सकाळी नव्हते.

ह्यांना अरोराचं भारी वेड. वीज मंडळातला माणूस ना. १९८९ च्या मार्चमधे सौर वादळामुळे कॅनडातल्या क्वेबेकची अख्खी ग्रिड दीड मिनिटात बसली आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते, हे ते आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्याचा चहा गार होईपर्यंत सांगायचे. मे २०२४ मधे लडाखला हानलेहून आभाळ लाल झालेलं दिसलं, तो पेपरातला फोटो कापून त्यांनी फ्रिजवर लावला, अजून तिथेच आहे. म्हणाले पुढच्या वर्षी आपण जाऊ.

मुलगा नॉर्वेत, ओस्लोला असतो. या जानेवारीत त्याने मला न विचारता तिकीट काढलं. मला एका परीने बरंच वाटलं, कारण जानेवारी म्हणजे संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू. गल्लीत बोलावणं करायला बायका निघतात आणि आपलं दार सोडून पुढच्या दाराशी जातात, ते आतून चपलांच्या आवाजावरून कळतं. तर गेले. ट्रोम्सो नावाचं गाव, दुपारी बाराला पण तिन्हीसांज. रात्री बसमधे घालून चार तास मोकळं आभाळ शोधत फिरवलं, उणे १४, अंगावर त्यांनी दिलेला अंतराळवीरासारखा सूट. आणि मग दिसलं. ताई खरं सांगू, मला पांढुरकं, धुरासारखं दिसलं. मुलाच्या मोबाइलमधे मात्र हिरवंगार. बसमधली एक बाई हुंदके देऊन रडायला लागली, मुलगा पण रडला, मला मिठी मारून म्हणाला आई, बाबा बघतायत. मी नुसती उभी. पाय गार पडलेत एवढंच कळत होतं आणि डोक्यात चाललेलं की गॅसचं बटण बंद केलं होतं ना.

आता मुलगा म्हणतो आई तू आता सावरलीस, इंदूरचा फ्लॅट विक, इकडेच ये. आणि इकडे शेजारणी रोज चारला येतात, काकू, ते बघून मन हलकं झालं असेल ना. मी हो म्हणते. खोटं. मला काहीच वाटलं नाही. इतके महिने झाले, मी धड रडले पण नाही. ज्याची त्यांनी जन्मभर वाट बघितली ते मला दिसलं आणि मी कोरडी. माझ्यात काही बिघाड आहे का? फोटो सोबत पाठवतेय.

उत्तर : वहिनी, सगळ्यात आधी डोळ्यांचं बोलू, ते सोपं आहे. अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना उजेड कळतो, रंग फारसा कळत नाही. मोबाइल मात्र तीन-चार सेकंद उजेड साठवून ठेवतो आणि मग फोटो देतो, म्हणून त्यात हिरवंगार. मंद अरोरा बऱ्याच लोकांना पांढुरकाच दिसतो, खूप जोरात असला तरच रंग डोळ्यांना दिसतात. तेव्हा त्या हुंदके देणाऱ्या बाईलाही बहुतेक तुमच्यासारखाच धूर दिसला असणार. ती कशाला रडली, कोणाला आठवून रडली, ते तिचं तिला ठाऊक.

आता दुसरं. अंधार असल्याशिवाय प्रकाश दिसत नाही हे वाक्य मी तुम्हाला लिहिणार नाही. तेराव्यापर्यंत तुम्ही ते चाळीसदा ऐकलं असेल, त्यातले दहा तरी व्हॉट्सॲपवर सूर्योदयाच्या फोटोसकट. आणि शास्त्राच्या दृष्टीनेही त्यात मजा नाही, अरोरा दिवसाही असतोच, दिसत नाही एवढंच.

मजा वेगळ्याच ठिकाणी आहे. मी ती दर वर्षी बारावीला शिकवायचे आणि पोरं जांभया द्यायची, कारण ती सिलॅबसमधे नव्हती.

सूर्याकडून विजेचे कण सुटतात, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकतात, खेचले जातात आणि ध्रुवांच्या बाजूला वरच्या हवेत येऊन आपटतात. हे तुमच्या ह्यांनी तुम्हाला सांगितलं असेलच, चहा गार होईस्तोवर. ऑक्सिजनच्या अणूला धक्का बसतो. त्या धक्क्याने त्याच्यात शक्ती साठते आणि ती तो प्रकाश म्हणून बाहेर सोडतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण त्याला *किती वेळ लागतो* हे कोणी विचारत नाही. हिरवा प्रकाश सोडायला त्याला एक सेकंदही लागत नाही, पाऊण सेकंदाच्या आसपास. आणि लाल सोडायला सुमारे ११० सेकंद. जवळजवळ दोन मिनिटं. अणूच्या जगात दोन मिनिटं म्हणजे युगं झाली हो.

आणि त्या दोन मिनिटांत जर दुसरा कोणी येऊन त्याला आपटला, तर संपलं. साठलेली शक्ती त्या दुसऱ्याकडे जाते, हवा किंचित गरम होते, आणि प्रकाश होतच नाही. म्हणून खाली, शंभर-दीडशे किलोमीटरवर, जिथे हवा त्यातल्या त्यात दाट आहे, तिथे हिरवा दिसतो, पटकन होतो ना. लाल दिसतो तो दोनशे किलोमीटरच्या वर, जिथे हवा इतकी विरळ आहे की अणूला दोन मिनिटं कोणी हात लावत नाही.

वहिनी, तुमच्याकडे उठावण्याला, म्हणजे शोकबैठकीला, किती माणसं आली होती? त्यानंतर रोज किती? त्यातल्या कितीजणींनी बसल्या बसल्या *आमचे पण असेच गेले* सुरू केलं? म्हणजे तुमच्या आत जे साठत होतं ते प्रत्येकीने आपटून थोडं थोडं नेलं, खोली गरम झाली, चहा झाला, आणि प्रकाश कुठेच नाही. त्या बायका वाईट नाहीत हो. दाट हवा आहे, एवढंच. इंदूरची हवा अशीच, भिया, इथे माणूस मेला तरी आणि पास झाला तरी घरात पन्नास लोक.

तुमच्या मुलाचं दुःख हिरवं आहे. पटकन येतं, गर्दीतही येतं, बसमधे चाळीस परक्या माणसांत रडता येतं त्याला. ते खोटं नाही, उथळ पण नाही, त्याची जात तशी आहे. तुमचं लाल आहे. त्याला दोन मिनिटं मिळालीच नाहीत अजून. तो तुमच्याकडे बघून म्हणतो सावरलीस, कारण त्याला वाटतं सगळ्यांचा वेळ सारखाच असतो. बापाला तोही मुकलाय, हे पण विसरू नका, आई सावरली म्हटलं की त्याची एक काळजी कमी होते.

माझी गोष्ट सांगते, थोडी उलटी आहे. माझा मोठा भाऊ २०२१ च्या एप्रिलमधे गेला, करोनात. कोणीच आलं नाही, येऊच शकत नव्हतं, उठावणा फोनवर झाला. तुम्ही म्हणाल मग हिला तर विरळ हवा मिळाली की. नाही ना. ते रिकामं होतं, आणि रिकामं आणि विरळ यात फार फरक आहे. अडीचशे किलोमीटरवर पण अणू असतातच, लांब लांब असतात इतकंच, अगदीच कोणी नसेल तर धक्का खाणारा कोण आणि चमकणारा कोण. मी दोन वर्षं ठणठणीत होते. मग एका थंडीत सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडू घेतले, तळलेला कंद असतो तो, त्या माणसाने न विचारता वर जास्तीचा जीरावन मसाला टाकला, भाऊ नेहमी तसंच सांगायचा, जास्ती मार यार, आणि मी तिथे गाडीवर हात टेकून जी रडले ती माझ्या मैत्रिणीने पंधरा मिनिटं काहीही विचारलं नाही. प्लेट धरून उभी राहिली फक्त. तिचे पण गराडू गार झाले. आजही ती तो विषय काढत नाही. तिला मी मनातल्या मनात दोनशे किलोमीटर म्हणते.

तेव्हा तुम्हाला अशी एकच बाई शोधायची आहे. आहे का कोणी? नसेल तर देवळातली, वाचनालयातली, कोणीही, जिला गप्प बसता येतं. चार वाजताच्या मंडळींना स्पष्ट सांगा की मंगळवारी आणि शनिवारी या, बाकी दिवस मला काम आहे. काय काम ते सांगायची गरज नाही. पहिल्यांदा वाईट दिसेल, आठवड्यात सवय होईल, इंदूरच्या बायका आहेत, त्यांना जायला दहा घरं आहेत.

रडायलाच पाहिजे असं मात्र काही नाही. टीव्हीतलं बघून आपण ठरवलंय की रडलं म्हणजे मोकळं झालं. कोणी कपाट लावतं, कोणी त्यांच्या स्कूटरवरून बाजारात जातं, कोणाला दीड वर्षाने एकदम राग येतो, विजेच्या बिलावर त्यांचं नाव बघून. गॅसचं बटण आठवलं त्याची लाज नको. घर दोघांचं होतं, झोपायच्या आधी बटण बघायचं काम कोणाचं होतं? मला वाटतं त्यांचं असणार.

फ्लॅटचं. नाही. वर्षभर कुठल्याही कागदावर सही करायची नाही, मुलाला माझं नाव सांगा, म्हणावं ताई खडूस आहेत. ओस्लोला दोन-तीन महिने राहून या खुशाल, उन्हाळ्यात जा, रात्री दहालाही उजेड असतो. पण जायचंच झालं तर तुम्हाला जावंसं वाटलं म्हणून जा, तू सावरलीस याचं सर्टिफिकेट घेऊन नको.

आणि एक गंभीर गोष्ट. झोप, जेवण, अंघोळ हे रोजचंच जर सुटत चाललं असेल, किंवा आपण तरी कशाला मागे राहिलो हा विचार येऊन बसत असेल, तर माझ्या कॉलमची वाट बघायची नाही. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीतही बोलतात. तिथे ज्यांचं हे शिक्षण झालंय अशी माणसं आहेत. फिजिक्सवाली बाई तिथे पुरत नाही.

हळदीकुंकवाचं वाचून मला फार राग आला, तो इथे लिहिला तर संपादक कापतील. पुढच्या संक्रांतीला माझ्याकडे या. पत्ता संपादकांकडून घ्या. मी वाण देताना कोणाचा नवरा आहे का नाही विचारत नाही, आणि गेली बारा वर्षं माझ्या घरावर वीज पडलेली नाही.

आता तुमचा फोटो. चष्मा लावून बघा. हिरव्या पट्ट्याच्या वर, अगदी वरच्या कडेला, डाळिंबी छटा आहे. तिथे तेव्हा होती ती, तुमच्या डोक्यावर, कोणालाच दिसली नाही. आणि मग फ्रिजवरचं कात्रण बघा. हानलेचं आभाळ लालच का, हिरवं का नाही? कारण हानले ध्रुवापासून फार लांब. खालचा हिरवा भाग क्षितिजाच्या आड राहतो, इतक्या लांबून जो दिसतो तो फक्त उंचावरचा लाल. तुमच्या ह्यांनी कापून ठेवला तो हा.

प्रश्न : ताई मी २६ वर्षांचा आहे, सुदामा नगर. पाच वर्षांचं रिलेशन तुटलं. ऑफिसमधला मित्र म्हणतो आइसलँडला जाऊन अरोरा बघ, लाइफ बदलते. चार लाखाचं पर्सनल लोन मिळतंय. जाऊ का?

उत्तर : अरे बाबा, आइसलँडला ढग पण असतात. आठ-आठ दिवस असतात. चार लाख देऊन तू हॉटेलच्या खिडकीतून पाऊस बघशील आणि त्या मुलीला रात्री दोनला मेसेज टाकशील. ईएमआय तुझ्या दुःखापेक्षा जास्त टिकेल.

जायचंच असेल तर पैसे साठवून जा, सप्टेंबर ते मार्चमधे जा, आणि जायचंय म्हणून जा. अरोरा काय करतो? काही करत नाही. ऑक्सिजन आणि नायट्रोजन आहे तो. वरची बाई अरोरा बघून आली आणि तिला गॅस आठवला, वाच नीट. तोवर एखाद्या अमावास्येला मित्रांबरोबर महूच्या पलीकडे जानापाव किंवा कुठेतरी लांब जा जिथे शहराचे लाइट नाहीत, मोबाइल गाडीत ठेव. पंधरा-वीस मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे, मग वर बघ. पहिली पाच मिनिटं तिचाच विचार येईल, येऊ दे. आणि त्या ऑफिसमधल्या मित्राला विचार तो कधी गेला होता आइसलँडला. मला तरी वाटतं नाही गेलेला.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे, राजेंद्र नगर. आपल्या इंदूरातून अरोरा दिसू शकतो का? आजी म्हणते आभाळ लाल होणं अपशकुन असतो. मी चित्र काढून पाठवतेय.

उत्तर : किती छान प्रश्न, आणि अक्षर पण छान. रोजच्या हिशोबात नाही दिसणार बेटा. इंदूर २२.७ अंशावर, कर्कवृत्ताच्याही खाली, आणि अरोरा साधारण ध्रुवांच्या भोवतीच्या कड्यात असतो. पण सूर्य फारच खवळला तर ते कडं पसरतं. १८७२ साली फेब्रुवारीच्या ४ तारखेला इतकं मोठं वादळ आलं की मुंबईहूनसुद्धा अरोरा दिसल्याची नोंद आहे, आणि मुंबई तर आपल्याही खाली! त्याच्या आधी १८५९ च्या मोठ्या वादळात मुंबईच्या कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकाची सुई कशी वेडीवाकडी हलली ती नोंद आजही जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. आता तर आपलं आदित्य एल-१ यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर बसून सूर्यावर नजर ठेवून आहे. २ सप्टेंबर २०२३ ला निघालं आणि ६ जानेवारी २०२४ ला जागेवर पोचलं, हे लिहून ठेव, परीक्षेत येतं.

आजीला हसू नकोस. तिच्या बाजूला मोठा माणूस आहे, आपल्या उज्जैनचा वराहमिहिर. त्याने सहाव्या शतकात बृहत्संहितेत दिग्दाह म्हणून एक अख्खा अध्याय लिहिलाय, दिशा पेटल्यासारख्या दिसतात त्याचा, आणि कुठला रंग दिसला की राजावर, लोकांवर काय येतं तेही. तो अरोराच होता असं मी म्हणणार नाही, पण आजी हे कुठून बोलते ते तुला कळेल. एखाद्या रविवारी तिलाच घेऊन उज्जैनला जा, जयसिंहाची वेधशाळा दाखव, येताना दोघी मिळून पोहे खा.

चित्र मिळालं. पडदे सगळे हिरवे काढलेस. वरच्या कडेला थोडी लाल पेन्सिल फिरव, हलक्या हाताने.